सामाईक नावाला गडगा घालता येतो का?

वाचकाचा प्रश्न

(सिंधुदुर्गातल्या एका ताईंचं पत्र. ओळख पटू नये म्हणून नात्यांचे आणि नावांचे तपशील बदलले आहेत.)

मी आणि माझी जाऊ तीन वर्षं कोकम आगळ, अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी आणि कुळीथपीठ करून विकतो. माल घरातून जातो, मुंबईच्या प्रदर्शनांत जातो, आणि गणपतीत चाकरमानी परत जाताना खोक्यांनी नेतात. ‘अस्सल कोकण मेवा’ हे नाव माझ्या डोक्यातून आलं, आणि ‘चव कोकणची, माया घरची’ हे वाक्यही माझंच. या उन्हाळ्यात चुलत दिराने हायवेला स्टॉल टाकला. पाटी काय, तर ‘अस्सल कोकणचा मेवा’. गिऱ्हाइकं विचारतात, तुमचीच शाखा का? एका एजंटने नाव आणि घोषवाक्य दोन्हींचा ट्रेडमार्क अठरा हजारांत, महिन्याभरात प्रमाणपत्रासकट देतो म्हणून सांगितलं. नवरा म्हणतो, त्या पैशात बाटल्या सील करायचं मशीन घे. जाऊ म्हणते, “आपल्याक धंदो करूचो हा की कोर्टात जावचा हा?” नाव माझं आहे, ते माझ्या नावावर करून दिराला थांबवायचं आहे. अठरा हजार भरू का?

उत्तर

ताई,

एजंटला आज पैसे देऊ नका. ट्रेडमार्क वाईट म्हणून नव्हे. तुम्ही ज्या नावावर पैसे घालायला निघाला आहात, त्यातला कुठला शब्द तुमचा आहे, हे आधी बघायला हवं म्हणून.

नाव तुमच्या डोक्यातून आलं, हे खरंच. पण ते सुटं करून पाहा. ‘अस्सल’ म्हणजे भेसळ नसलेलं, तसं तर प्रत्येक दुकानदार म्हणतो. ‘कोकण’ हा प्रदेश. ‘कोकण मेवा’ हा शब्द पनवेल सोडल्यापासून बांद्यापर्यंत किती पाट्यांवर दिसतो, ते एसटीच्या खिडकीत बसून मोजा. म्हणजे तुमच्या नावातले तिन्ही शब्द सामाईक जमिनीसारखे आहेत. सातबाऱ्यावर वाडीतल्या सगळ्यांची नावं असताना एकट्याने गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला, तर तो टिकत नाही. ट्रेड मार्क्स अॅक्ट, 1999 चं कलम 9 जवळपास हेच सांगतं. मालाचा प्रकार, दर्जा किंवा तो कुठून आला एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदवलं जात नाही. अपवाद आहे. एखादं नाव इतकी वर्षं आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं असेल की ते ऐकताच लोकांना तुमचाच माल आठवतो, तर ते नोंदवता येतं. पण ते पुराव्याने दाखवावं लागतं, आणि तीन वर्षांची प्रदर्शनं त्याला पुरतील असं मला वाटत नाही.

आणि समजा, नोंदणी मिळाली. मॅरिको कंपनीकडे खाद्यतेलासाठी ‘लोसॉर्ब’ अशी नोंदलेली चिन्हं होती. दुसऱ्या कंपनीने आपल्या तेलाच्या पिशवीवर ‘लो अॅब्सॉर्ब टेक्नॉलॉजी’ छापलं म्हणून ती न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये तिला दिलासा नाकारला. कमी तेल शोषलं जातं एवढंच सांगणारे शब्द कुणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत, असा त्या निकालाचा सूर होता. तुमच्या दिराचा वकीलही हेच म्हणेल: “माझा अशील कोकणातला, माल कोकणातला, त्याने पाटीवर कोकणचा मेवा लिहिलं त्यात चोरी कसली?” आणि ताई, तुम्हाला राग येईल, पण एवढ्यापुरता तो बरोबर असेल.

मग दिराची काहीच चूक नाही का? असं मी म्हणत नाही. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. दोन बाटल्या, दोन लेबलं. तुमच्या लेबलला हिरवी किनार आहे, त्यालाही हिरवीच. तुमचं नाव लाल ठळक अक्षरांत कमानीसारखं वळवलेलं आहे, त्याचंही वळवलेलंच. डावीकडे कोकमाची दोन फळं, एक कापलेलं, एक अख्खं. त्याच्याकडेही तीच दोन, तशीच, फक्त कापलेलं फळ उजवीकडे गेलं आहे. आणि झाकणावर दोघांचीही पिवळी पट्टी. हे शब्दांच्या पलीकडचं आहे. इथे योगायोग म्हणायला मी तयार नाही.

अशा वेळी नोंदणी नसतानाही कायदा थोडा हात देतो. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याला इंग्रजी कायद्यात ‘पासिंग ऑफ’ म्हणतात, आणि नोंदणी नसलेल्यालाही त्याविरुद्ध दावा करता येतो. तिथे न्यायालय दोन बाटल्या शेजारी ठेवून फरक शोधत बसत नाही. गेल्या गणपतीत एक बाटली नेलेली बाई यंदा अर्धवट आठवणीवर हायवेला थांबली, तर ती फसेल का, हे पाहिलं जातं. पण त्यासाठी तुमच्या त्या लेबलची बाजारात ओळख होती, हे आधी दाखवावं लागतं. बिलं, फोटो, तारखा. त्याकडे मी येतेच.

तुमच्यासारखी पत्रं माझ्याकडे येतात, त्या बहुतेकांत एक गृहीत धरलेलं असतं: प्रमाणपत्र आलं की समोरचा आपोआप थांबेल. ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं तर चुलत दिराच्या स्टॉलवरची पाटी उतरत नाही. ती उतरवायला आधी नोटीस, मग दावा. ट्रेडमार्कचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या न्यायालयात चालत नाही, म्हणजे तुम्हाला ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जावं लागेल. एक सोय मात्र आहे. नाव नोंदलेलं असेल तर जिथे तुम्ही राहता किंवा धंदा करता, तिथल्या न्यायालयात दावा करता येतो. उद्या डोंबिवलीतल्या कुणी तुमचं नाव उचललं तरी तुम्हाला त्याच्या गावी धावावं लागणार नाही. तरीही वकील, तारखा, आणि देवळातल्या पालखीला समोरासमोर येणारे भाऊबंद, हा सगळा खर्च मोजूनच पाऊल टाकावं. तुमच्या जाऊबाईंचं वाक्य मी उगाच छापलेलं नाही. कोर्टात जायचं नाही हा त्यांचा हट्ट शहाणपणाचा आहे. फक्त कागद करणं म्हणजे कोर्टात जाणं नव्हे, एवढंच त्यांना सांगा. कागद नीट असले की कोर्टाची वेळ बहुधा येत नाही.

तर माझा सल्ला असा. नाव बदला.

थांबा, पत्र फाडू नका. जुनं नाव पुसायला सांगत नाहीये. ‘कोकण मेवा’ हे शब्द लेबलवर राहू देत, पण खाली, लहान अक्षरांत, आत काय आहे ते सांगण्यापुरते. वर मोठ्या अक्षरांत असं नाव हवं की जे फक्त तुमचं असेल. एक हंगाम दोन्ही नावं एकाच लेबलवर चालवा, ‘तीच चव, नवं नाव’ अशी एक पट्टी लावा, म्हणजे जुनी गिऱ्हाइकं चुकणार नाहीत. तीन वर्षांची ओळख जाईल ही भीती मला पत्रात दिसली. पण ज्यांनी तुमच्याकडून आगळ नेलं, त्यांच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर कुठल्या नावाने सेव्ह आहे, विचारून पाहा. ‘कोकमवाल्या ताई’ असंच असेल. एवढ्या मोठ्या ‘अस्सल कोकण मेवा’ने अजून तिथेही जागा धरलेली नाही.

नवं नाव कसं शोधायचं? कायद्याच्या नजरेत नावांची एक उतरंड असते. सगळ्यात दुबळं ते, जे माल काय आहे तेच सांगतं. त्याहून बरं, जे नुसतं सुचवतं. त्याहून बळकट, जो शब्द भाषेत आहे पण तुमच्या मालाशी त्याचा काही संबंध नाही. आणि सगळ्यात बळकट म्हणजे नव्यानेच घडवलेला शब्द. ‘विको’ हे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून झालं, आणि ‘अमूल’ हे आणंद मिल्क युनियन लिमिटेड यातून. दोन्ही शब्द त्याआधी बाजारात नव्हते, म्हणून आज ते ऐकल्यावर दुसरं काही आठवतच नाही.

तुमच्या घरापाशीच असे शब्द पडलेले आहेत. मांगर (शेतातलं छोटं घर), खळं, व्हाळ (ओढा), वायंगण (उन्हाळी भातशेती), परसातल्या एखाद्या जुन्या कलमाचं घरात पडलेलं लाडकं नाव, आजीला घरात ज्या नावाने हाक मारायचे ते नाव. सरबताच्या बाटलीवर ‘मांगर’ लिहिलं तर तो शब्द सरबताबद्दल काहीच सांगत नाही, आणि म्हणूनच तो कामाचा. (हे शब्द मी नमुन्यादाखल दिले. त्यातलं एखादं आधीच कुणी नोंदवलं असेल, तपासल्याशिवाय उचलू नका.) एक कसोटी मी नेहमी सांगते. मुंबईतल्या एखाद्या गिऱ्हाइकाला फोनवर नाव सांगा आणि त्याला ते व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायला सांगा. चुकीचं लिहिलं तर नाव बदला.

आडनाव लावण्याचा मोह टाळा. कोकणात अख्ख्या वाडीचं आडनाव एक असतं, आणि तुमचं आणि चुलत दिराचं तर एकच आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 35 प्रमाणे आपलं स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला अडवता येत नाही. म्हणजे एवढा खर्च करून तुम्ही त्यालाच पळवाट बांधून द्याल.

ग्रामदेवतेचं नावही नको. रवळनाथ, सातेरी, वेतोबा ही नावं किती दुकानांवर, ट्रकांवर आणि होड्यांवर आहेत! श्रद्धेने लावा, कुणी नाही म्हणत नाही. पण त्यावर एकट्याचा हक्क सांगायला जाल तर अडचण येईल. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एकट्याच्या मालकीचं होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटलं आहे.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका हलव्याच्या खटल्याचा निकाल दिला, तो तुमच्या कामाचा आहे. तिरुनेलवेलीत ‘इरुट्टुकडै’ नावाचं हलव्याचं प्रसिद्ध दुकान आहे. इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान. हलव्याच्या चवीशी, तुपाशी त्या नावाचा काही संबंध नाही. त्या नावाच्या आधी गावाचं नाव जोडून ते दुसऱ्याने वापरायला घेतलं. नोंदणी कुणाकडेही असो, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो, असं न्यायालयाने त्या प्रकरणात स्पष्ट केलं. यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. असंबद्ध वाटणारं नाव पिढ्यानपिढ्या टिकतं. आणि वापर कधी सुरू झाला याचा पुरावा प्रमाणपत्राइतकाच मोलाचा असतो, कधी कधी जास्त.

आता तो पुरावा. तुम्ही लिहिलंय की बहुतेक विक्री रोखीत, बिलाशिवाय झाली. पण घरात नक्की काहीतरी असेल. कुडाळच्या प्रेसमधून स्टिकर छापले त्याचं बिल. प्रदर्शनाच्या स्टॉलची पावती. कुरियरच्या चिठ्ठ्या. यूपीआयने आलेल्या पैशांच्या नोंदी. अन्नसुरक्षेची नोंदणी झाली त्याचा कागद, तारखेसकट. व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी, ज्यात गिऱ्हाइकाने तुमच्या बाटलीचा फोटो परत पाठवला आहे. हे सगळं वर्षवार लावून एका फाईलमध्ये ठेवा. दिराने उभ्या केलेल्या स्टॉलचेही फोटो काढा, मोबाईलवर तारीख दिसेल असे. नवं नाव लागेल त्या दिवसापासून मात्र एकही बाटली बिलाशिवाय जाऊ देऊ नका. छापील बिलबुक महाग नसतं. ट्रेडमार्कच्या अर्जात ‘वापर कधीपासून’ असा रकाना असतो. आधीपासून वापरतो असं लिहिलंत, तर प्रतिज्ञापत्र आणि असेच कागद जोडावे लागतात. नाव अजून बाजारात नसेल तर ‘वापरण्याचा विचार आहे’ असं लिहून अर्ज करता येतो. खोटी जुनी तारीख टाकायला एजंट सुचवतात. ती कधीही टाकू नका. नंतर त्याच तारखेवरून अख्खा अर्ज आडवा होतो.

अर्जाचं गणित आता थोडक्यात, कारण एजंटने तुम्हाला ते सांगितलेलं नाही. शुल्क प्रत्येक नावाला आणि प्रत्येक वर्गाला वेगळं लागतं. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4,500 रुपये, इतरांना 9,000. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम नोंदणी लागते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्याचे कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. मालाचे वर्ग ठरलेले आहेत. अमृत कोकमासारखी सरबतं वर्ग 32 मध्ये, आंबापोळी-फणसपोळीसारखे फळांचे टिकाऊ पदार्थ आणि भाजलेले काजू वर्ग 29 मध्ये, पिठं आणि मसाले वर्ग 30 मध्ये. म्हणजे तुमच्या सगळ्या मालाला एकाच नावाचे तीन वर्ग, 13,500 रुपये. घोषवाक्य वेगळं नोंदवायचं तर त्याचे पुन्हा तेवढेच. मग अठरा हजारांत ‘दोन्ही’ कसं बसतं? बहुधा एकेका वर्गात. तुमची आंबापोळी उघड्यावर राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. त्याला लेखी विचारा: किती वर्ग, सरकारी शुल्क किती, तुमची फी किती, आणि हरकत आली तर उत्तराचे पैसे यातच की वेगळे.

महिन्याभरात प्रमाणपत्र हे तर निव्वळ खोटं. अर्ज तपासला जातो, मग तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो, आणि छापल्यापासून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. कायद्यातच चार महिन्यांची मुदत आहे, मग एका महिन्यात कुठून येणार? महिन्याभरात, किंबहुना त्याच दिवशी, मिळतो तो अर्ज क्रमांक. एजंट मंडळी तोच प्रमाणपत्र म्हणून हातावर ठेवतात. तो क्रमांकही कामाचा आहे, कारण नोंदणी झाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. पण नावापुढे तुम्ही फक्त टीएम ही अक्षरं लावू शकता, आणि ती तर अर्ज न करताही लावता येतात. वर्तुळातलं आर हे चिन्ह प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आधी लावणं कायद्याने चुकीचं आहे.

तपासणी अहवालात हरकत आली तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. कितीतरी अर्ज इथेच मरतात. एजंटचा फोन लागत नाही, आणि पत्र त्याच्याच ईमेलवर गेलेलं असतं. म्हणून अर्जात तुमचा स्वतःचा ईमेल आणि मोबाईल घालायला लावा. महिन्यातून एकदा सरकारी संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघा. बारावीतल्या मुलीला हे काम सांगा, ती दोन मिनिटांत करेल.

नाव आधी कुणी घेतलंय का, हेही तिथेच फुकट शोधता येतं. भारत सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध आहे. शब्द टाका, वर्ग टाका. एकदा ‘शब्दाचा भाग’ म्हणून शोधा, एकदा उच्चाराच्या साम्याने. रोमन अक्षरांत वेगवेगळी स्पेलिंग करून पाहा, कारण व कधी व्ही होतो, कधी डब्ल्यू. लिपी बदलली तरी उच्चार तोच असेल तर अडचण तीच राहते. 29, 30, 32 तर पाहाच, शिवाय दुकानदारीचा 35 आणि खानावळ-निवासाचा 43 सुद्धा नजरेखालून घाला. मग गूगलवर आणि इन्स्टाग्रामवर शोधा, कारण नोंदणी न केलेला जुना वापरकर्ताही तुम्हाला अडवू शकतो. इरुट्टुकडै आठवा.

घोषवाक्याचं काय? ‘चव कोकणची, माया घरची’ गोड आहे. पण त्याची नोंदणी आत्ता करू नका. मालाची स्तुती करणारी वाक्यं तपासणीत बहुधा अडकतात, आणि स्तुती नसलेलं, वेगळंच काही सांगणारं वाक्य ओळखीचं व्हायला वर्षं लागतात. तोवर लेबलवर छापत राहा, प्रत्येक बिलावर छापा. पाच-सात वर्षांनी लोक ते वाक्य ऐकून तुमचं नाव सांगायला लागले तर तेव्हा अर्ज करा. नाव आणि वाक्य एकाच लेबलमध्ये घालून एकच अर्ज करायचा मोहही टाळा. तशाने त्या अख्ख्या लेबलला संरक्षण मिळतं, आतल्या एकेका शब्दाला नव्हे. शिवाय पुढच्या वर्षी लेबलची मांडणी बदललीत तर नोंदवलेलं एक आणि बाजारातलं दुसरं, असं होऊन बसेल. आधी साध्या अक्षरांतलं नाव नोंदवा, चित्राचं नंतर बघू.

चित्रावरून आठवलं. तुमचा लोगो पुण्याच्या भाच्याने मोबाईलवरच्या डिझाइन अॅपमध्ये करून दिला, असं तुम्ही लिहिलंय. ती दोन कोकमं त्या अॅपच्या तयार चित्रांतली असतील तर ती दिरालाही तिथूनच मिळाली असण्याची शक्यता आहे. मघाशी मी योगायोग मानायला तयार नाही म्हटलं, त्यातलं एवढं मागे घेते, किनार आणि वळणदार अक्षरं मात्र नाही. अशा अॅपमधली तयार चित्रं ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अनेकदा त्यांच्या अटींतच मनाई असते. नवं चित्र कुणाकडून तरी हाताने काढून घ्या. सावंतवाडी-कुडाळमध्ये चित्रकारांची वाण नाही. आणि पैसे देताना ‘या चित्राचे सर्व हक्क अमुक यांना दिले’ असं लेखी घ्या. पैसे दिले म्हणजे हक्क आले, असं कॉपीराइटच्या कायद्यात प्रत्येक वेळी आपोआप होत नाही. भाच्याकडूनही लिहून घ्या, मामीचा तेवढा अधिकार आहे.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. तुम्ही लिहिलंत, ‘माझ्या नावावर’. ज्या जाऊबाई तीन वर्षं तुमच्याबरोबर मिठात घातलेली कोकमं पिंपात ढवळतात, त्यांचं नाव या वाक्यात कुठे आहे? नाव कुणाच्या डोक्यातून आलं याला कायद्यात फार किंमत नाही. धंद्यात ते कोण वापरतं, हे पाहिलं जातं. आज तुम्ही एकट्याच्या नावावर अर्ज केलात आणि उद्या जावाजावांत बिनसलं, तर दिराविरुद्ध घातलेला गडगा घरातच येऊन उभा राहील. दोघींची भागीदारी लेखी करा, भागीदारीच्या नावाने उद्यम नोंदणी करा आणि अर्ज भागीदारीच्या नावाने करा. नाहीतर दोघी सहअर्जदार व्हा. भागीदारीच्या कागदात एक कलम घाला: वेगळं झालो तर नाव कुणाकडे राहील, आणि दुसरीला काय मिळेल. हे लिहिताना जीभ अडखळते खरी, पण नंतर लिहिण्यापेक्षा आत्ता सोपं जातं. बचत गटाच्या ताई हे वाचत असतील तर त्यांनाही हेच. गटाची कायदेशीर नोंद काय आहे ते पाहूनच अर्ज करा. अध्यक्षबाईंच्या एकटीच्या नावावर चिन्ह नोंदवलेलं असलं की पदाधिकारी बदलले तरी चिन्हाची मालकी बदलत नाही.

तारकर्लीत किंवा वेळणेश्वरला घरगुती निवास चालवणाऱ्यांनी वर्ग 43 पाहावा, आणि ‘सागर’, ‘समुद्र’, ‘बीच’ या शब्दांवर फार जीव लावू नये. तिथेही तीच सामाईक जमीन आहे.

‘कोकण’ या शब्दाचा लाभ तुम्हाला सोडायला लागतो, असं मात्र समजू नका. त्यासाठी वेगळा कायदा आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. त्याआधी 2016 मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला ते मिळालं. हा हक्क एकट्याचा नसतो, त्या मातीतल्या सगळ्या उत्पादकांचा असतो. पण ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावं लागतं. तुमचं कोकम जिल्ह्यातलंच असेल तर ही नोंदणी करा. मग ‘अस्सल’ हा शब्द छापायची गरज उरणार नाही, मानांकनाचं चिन्हच ते काम करेल. दिरालाही ही वाट सांगायला हरकत नाही. तिथे त्याच्याशी भांडण नाही.

नवऱ्याच्या मशीनबद्दल. तेही बरोबर आहेत. मुंबईला गेलेल्या दोन खोक्यांत आगळ सांडून बाकीची लेबलं भिजली, असं तुम्हीच लिहिलंय. गळकी बाटली तुमच्या नावाचं जे नुकसान करते, ते दिराच्या पाटीपेक्षा मोठं आहे. कोकमाचा हंगाम पावसाआधी संपतो, तेव्हा मशीन आधी घ्या, यंदाचं आगळ त्यावर सील करा. नाव शोधायला, भागीदारीचा कागद करायला आणि अर्ज भरायला पावसाळा आहेच. पहिला अर्ज फक्त वर्ग 32 मध्ये करा, कारण तुमची निम्म्याहून जास्त विक्री सरबत आणि आगळाची आहे. आगळात मीठ असतं आणि ते स्वयंपाकातही जातं, तेव्हा ते त्याच वर्गात बसवायचं की नाही हे अर्ज लिहिणाऱ्याला स्पष्ट विचारा. पुढच्या वर्षी 29. अर्जाच्या खर्चाची काही भरपाई सरकारी योजनेतून मिळते का, ते जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. नोंदणी दहा वर्षांची असते, दर दहा वर्षांनी वाढवता येते. पण नोंदवून नाव सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरलंच नाही, तर ज्याला ते आडवं येतं असा कुणीही ते काढून टाकायला अर्ज करू शकतो. म्हणून न लागणारे वर्ग अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि दीर. नवं नाव, नवं लेबल तयार झालं की त्याच्याकडे जा. नोटीस घेऊन नव्हे, नवी बाटली घेऊन, आणि घरातलं कुणी मोठं माणूस बरोबर घेऊन. सांगा की, “कोकण मेवा तू खुशाल लिही, पण ही किनार, ही अक्षरं आणि हे चित्र बदल. आणि आमचं नवं नाव हे आहे, याचा अर्ज केला आहे, हा क्रमांक.” अर्ज आधी, भेट नंतर. हा क्रम चुकवू नका. नवं नाव त्याला आधी कळलं आणि अर्ज त्याने केला, तर ते निस्तरायला तुम्हाला ओरोसच गाठावं लागेल.